आगगाडीला भ्यालेले प्रेक्षक

मधल्या सुटींत तुमच्या वर्गावरून जातांना दोन प्रकारचीं बोलणीं नेहमीं कानीं पडतात. एक म्हणजे कोठें तरी कांहीं विलक्षण यंत्र निघाल्याची बातमी, आणि दुसरें म्हणजे काल पाहिलेल्या चित्रपटाविषयींचें मत. आतां तर हीं दोन्हीं मोबाईलवरून क्षणांत मित्रांकडे पोहोंचतात. दोहोंची परीक्षा मात्र एकाच मापानें करतां येत नाहीं. हें मला एका विद्यार्थ्यानें शिकविलें, म्हणून तो प्रसंग सांगतों.

चलच्चित्राचा इतिहास शिकवितांना एक कथा मी कित्येक वर्षें मोठ्या रंगानें सांगत आलों. ल्युमिएर बंधूंनीं २८ डिसेंबर १८९५ रोजीं पॅरिस येथें ग्रँ कॅफेंत पैसे घेऊन पहिला खेळ केला. पडद्यावरची आगगाडी अंगावर येतांना दिसतांच लोक किंचाळत बाहेर पळाले! वर्ग हंसे, व मलाही समाधान वाटे. गतवर्षीं एका मुलानें उभें राहून नम्रपणें विचारलें, "सर, पळालेल्यांपैकीं कोणीं हें लिहून ठेवलें आहे काय?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतें. ती कथा मीं एका मित्राकडून ऐकली होती, व त्यानें आणखी कोणाकडून.

शोध घेतां दिसून आलें कीं, त्या पहिल्या खेळांत दहा चित्रें दाखविलीं गेलीं, प्रत्येक मिनिटाहूनही कमी वेळाचें. त्यांत आगगाडीचें चित्र नव्हतेंच! तें १८९६ सालीं लोकांपुढें आलें. प्रेक्षक भयानें पळाल्याचा त्या वेळचा लेखी पुरावा सांपडत नाहीं, असें जर्मन अभ्यासक मार्टिन लॉयपर्डिंगर यांनीं दाखविलें आहे. खरें म्हणजे हें माझ्याही ध्यानांत यावयास हवें होतें. ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईंत वॉटसन हॉटेलांत एक रुपया दर ठेवून जीं सहा चित्रें दाखविलीं, त्यांत गाडीचें चित्र होतें. परंतु बोरीबंदराहून ठाण्यास गाडी जाऊं लागून तेव्हां ४३ वर्षें लोटलीं होतीं. ज्यांनीं फलाटावर उभें राहून खरी, गर्जत येणारी गाडी पाहिली, त्यांनीं कापडावरच्या रंगहीन गाडीला भिऊन कां पळावें? (किंचित् दचकणें निराळें, तें कोणासही होईल.)

आतां मताकडे वळूं. रशियन लेखक मॅक्झिम गॉर्की यानें १८९६ सालींच हा खेळ निझ्नी नोव्हगोरोद येथें पाहून वर्तमानपत्रांत त्यावर लिहिलें. गाडी आपणांवर झेपावते असें त्यालाही वाटलें, पण ती केवळ सावली, हेंही त्यानें लगेच नमूद केलें. त्याचें मन खिन्न झालें तें निराळ्या कारणानें: त्या जगांत ध्वनि नाहीं, रंग नाहीं, झाडें आणि माणसें सारीं करडीं. पुष्कळांना हाच खेळ आनंदाचा वाटला. म्हणून गॉर्कीचें मत खोटें ठरतें काय? मुळींच नाहीं. आपण काय पाहिलें व तसें कां वाटलें हें त्यानें सांगितलें; त्याच्याशीं सहमत न होतांही आपण तें तपासूं शकतों. "चित्रपट भिकार आहे" एवढेंच म्हणणारा मित्र तपासण्याजोगें कांहींच देत नाहीं. बातमीला मात्र 'मला असें वाटलें' ही सबब चालत नाहीं; तिला साक्षीदार हवा, तारीख हवी.

त्या मुलाच्या आधींच्या साऱ्या तुकड्यांना मीं ती कथा खरी म्हणून सांगितली आहे. त्यांतील कित्येक आज आईबाप झाले असून हा अंक त्यांच्या हातीं पडेल. आपल्या मुलांना ती सांगितली असल्यास त्यांनीं कृपा करून दुरुस्त करावी.