चुनखडीतील तेलाचा ठाव

चि. बाळास,


मुंबई हाय या समुद्रातील तेलक्षेत्राच्या अभ्यासगटात तुझी नेमणूक झाल्याचे ताईच्या पत्रावरून कळले आणि परम संतोष झाला. एक रुपयाच्या नोटेवर जिचे चित्र छापले गेले, त्या ‘सागर सम्राट’ रिगने १९७४ साली जे तेल शोधले, त्याच्या दप्तरात आता तुझ्या हातच्या नोंदी पडणार, म्हणून हे चार शब्द लिहीत आहे.

तेथील मुख्य साठा एल-तीन नामक मायोसीनकालीन चुनखडीत आहे. ती चुनखडी एकसंध नसून शेल या चिकणमातीच्या खडकाच्या पातळ थरांनी विभागलेली आहे, आणि तुझ्या कामातील बहुतेक अडचणींचे मूळ याच गोष्टीत आहे. विहिरीत उतरविलेले उपकरण साधारण दर १५ सेंटिमीटरांना नोंद घेते, तिलाच लॉग म्हणतात, परंतु विहिरीच्या भिंतीपलीकडे त्याची दृष्टी फारशी पोहोचत नाही; उलट सिस्मिक सर्वेक्षण दोन विहिरींमधला सारा मुलूख व्यापते, पण सेकंदाला ४,००० मीटर वेगाने जाणाऱ्या ४० हर्ट्झच्या लहरीची लांबी १०० मीटर भरत असल्यामुळे, सुमारे २५ मीटरांहून पातळ थराचा माथा आणि तळ तिला निराळे दाखविता येत नाहीत.

या दोहोंचा मेळ घालण्यासाठी ध्वनिवेग व घनता यांच्या लॉगांवरून परावर्तने काढून तू जो सिंथेटिक, म्हणजे कृत्रिम सिस्मिक आलेख, तयार करशील, तो पहिल्या प्रयत्नात सिस्मिकशी सहसा जुळणार नाही, आणि मग संगणकावर तो थोडा ताणून, थोडा आवळून जुळवून घेण्याचा मोह तुला होईल. त्या मोहाला बळी पडू नकोस. असा ताण म्हणजे खडकाच्या वेगात केलेला फेरफार होय, आणि चेकशॉटचा, म्हणजे विहिरीत प्रत्यक्ष मोजलेल्या लहरीच्या वेळेचा, दाखला असल्याखेरीज तो मंजूर होता कामा नये. आधी विहिरीची रुंदी मोजणारा कॅलिपर पाहा. शेल ढासळून भोक रुंदावले असेल, तर घनतेचे उपकरण खडकाबरोबर विहिरीतील मडची, म्हणजे खोदकामाच्या चिखलाचीही, घनता मोजत असते. मग विहीर तिरपी आहे काय, आणि तिची लांबी व खरी खोली यांत गल्लत तर झालेली नाही ना, याची खातरजमा कर.

वालुकाश्मात वायू असला की परावर्तन उजळते, हा पाठ्यपुस्तकातील धडा येथे जसाच्या तसा लावू नकोस. चुनखडीची चौकट ताठर असल्याने तिच्या छिद्रांत तेल आहे की पाणी, यावरून लहरीच्या वेगात पडणारा फरक अल्प असतो. वेग मुख्यतः छिद्रांच्या प्रमाणावर आणि आकारावर ठरतो. म्हणून सिस्मिककडे सच्छिद्रतेचा अंदाज माग, तेलाचा मागू नकोस. तेल-पाण्याचा निवाडा विद्युत्‌रोधाच्या लॉगवर सोपव, कारण १९२७ साली फ्रान्समधील पेशेलब्रॉन येथे तो पहिल्याने घेतला गेला, तेव्हापासून हे काम त्याने उत्तम बजावले आहे.

सच्छिद्रतेचा नकाशा करताना एखादी चांगली विहीर मुद्दाम हिशेबाबाहेर ठेव. नकाशा पुरा झाल्यावर तिच्या ठिकाणी तो काय सांगतो आणि तिचा लॉग काय सांगतो हे ताडून पाहा, व जो फरक निघेल तो लपवून न ठेवता नकाशाबरोबरच वरिष्ठांपुढे ठेव.

तुझा,
मामा