ऑगस्टची विक्री का वाढली?

प्रश्न : मी रोह्याची. संख्याशास्त्रात बी.एस्सी. झाले. सध्या धाटावच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेच्या नोंदी एक्सेलमध्ये भरते. मोठ्या टेक कंपनीकडून डेटा ॲनालिस्टच्या मुलाखतीचं बोलावणं आलंय. तयारी कशी करू?

उत्तर : एसक्यूएल रोज लिहा, पण नुसतं पाठ करू नका. समजा, पेणच्या मूर्तिकाराच्या ऑर्डरी एका तक्त्यात आहेत, पावत्या दुसऱ्यात. चार हजारांच्या मूर्तीचे पैसे दोन हप्त्यांत आले, तर तक्ते जोडताच ती ऑर्डर दोनदा येते, बेरीज आठ हजार दिसते. आधी पावत्यांची ऑर्डरवार बेरीज करा, मग लेफ्ट जॉइन. इनर जॉइन केलात तर ज्यांनी अजून एक पैसाही दिला नाही, नेमकी तीच गिऱ्हाइकं गळतील. मुलाखती घेताना मी चांगल्या मुलांना इथे अडखळताना पाहिलंय.

विचारतील, ‘या मूर्तिकाराची ऑगस्टची विक्री २०२५ मध्ये का वाढली?’ लगेच कारण सांगू नका. गणेश चतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. इथे महिन्याची तुलना फसवते. चतुर्थीला किती दिवस उरले होते, त्यावर आकडे मांडा. आणि हा विचार मनात नको, मोठ्याने बोलून करा.

प्रयोगशाळेचं काम कमी लेखू नका. एखादं रीडिंग खटकल्यावर तुम्ही पुन्हा नमुना तपासायला लावलात का? तो प्रसंग तारखेनिशी, आकड्यांनिशी सांगा.