खेकड्याची कात

पावसाळा सरल्यावर ओढ्यांतील दगड उलथून खेकडे शोधण्याचा खेळ आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं लहानपणीं खेळला असेल. त्या खेळांत कधीं कधीं डोळे, नांग्या, पाय सर्व जागच्या जागीं असलेला, पण आंत अगदीं पोकळ असा खेकडा हातीं येतो. मुलें म्हणतात, "हा मेला." परंतु तो मेलेला नसतो. सापाप्रमाणें खेकडाही कात टाकतो, आणि हातीं आली ती त्याची कात होय. हा प्रकार नीट समजावा म्हणून आम्ही आज यूरोपच्या खडकाळ किनाऱ्यावरील एका लहान खेकड्याचें उदाहरण घेतों. कारण विद्वानांनीं त्याचा अभ्यास फार बारकाईनें केला आहे.

१. रूप व वस्ती.— ह्या खेकड्याचें शास्त्रीय नांव कार्सिनस मीनास. लिनीअस ह्या स्वीडिश पंडितानें इ. स. १७५८ मध्यें त्याचें वर्णन केलें. त्याची पाठ फार तर ९ सेंटिमीटर रुंद असते, आणि डोळ्यांच्या मागें दोन्ही कडांस पांच पांच दांते असतात. इंग्लंडच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली म्हणजे तो दगडाखालीं किंवा ओल्या शेवाळांत दडतो, व कल्ल्यांपाशीं सांठविलेल्या पाण्यावर श्वास घेत भरतीची वाट पाहतो. भरती आली कीं बाहेर पडून शिंपले, किडे व मेलेले मासे खातो. पक्षी व मासे त्याला खावयास टपलेलेच असतात. म्हणून कवच ही त्याची ढाल.

२. ढालीची अडचण.— आपलीं हाडें आंत असून शरीराबरोबर वाढतात. खेकड्याचा सांगाडा बाहेर असतो, आणि एकदां कठीण झालेलें कवच तिळभरही वाढत नाहीं. वाढावयाचें तर तें टाकलेंच पाहिजे. प्रथम जुन्या कवचाखालीं नवें मऊ कवच तयार होतें. मग पाठीचें जुनें कवच मागच्या कडेस उकलतें, आणि त्या फटींतून खेकडा मागें सरत सरत बाहेर येतो. पायांचीं व डोळ्यांचीं आवरणें, इतकेंच नव्हे तर जठरांतील दांतही कातेबरोबर जातात. बाहेर येतांच तो पाणी शोषून फुगतो, व त्या मापावर नवें कवच कठीण होतें. एका खेपेस त्याची रुंदी सुमारें पाव हिश्शानें वाढते. तुटलेला पाय पुन्हां मिळतो तोही कात टाकतांनाच.

३. संकटाचे दिवस.— कवच कठीण होईपर्यंत नांगीला चिमटा घेतां येत नाहीं, आणि इतर खेकडेही त्याला खाऊन टाकितात. इटलींतील व्हेनिस शहराभोवतालच्या उथळ खाऱ्या पाण्यांत ह्याचाच एक जवळचा भाऊबंद राहतो. तेथील कोळी वसंत व शरद ऋतूंत कात टाकण्याच्या बेतांत असलेले खेकडे नजरेनें ओळखून पेट्यांत ठेवितात, व मऊ होतांच विकतात. कारण तेव्हां ते कवचासकट खातां येतात. मादीचा संसारही ह्याच दुबळ्या काळांत सुरू होतो. ती कात टाकण्यापूर्वीं कित्येक दिवस नर तिला पोटाखालीं धरून हिंडतो, व ती मऊ असतांना तिला राखतो. एरवीं तो किती भांडखोर! पुढें ती आपलीं अंडीं पोटाखालीं वागविते. मोठ्या मादीजवळ तीं १,८५,००० पर्यंत असूं शकतात.

४. कात न टाकणारे.— जे खेकडे पुष्कळ दिवस कात टाकीत नाहींत ते हिरव्याचे तांबडे होतात. त्यांचें कवच जाड असतें व झुंजींत ते सरस ठरतात. परंतु पाण्यांतील मीठ कमी झालें तर हिरव्यांइतकें त्यांस सोसत नाहीं. ह्याहून वाईट दशा सॅक्युलिना नांवाचा परोपजीवी प्राणी ज्याच्या अंगांत शिरतो त्याची. त्याचे मुळांसारखे तंतु खेकड्याच्या सर्वांगांत पसरतात, आणि अंडीं जेथें असावयाचीं तेथें त्याची पिशवी बाहेर येते. खेकडा ती आपलींच अंडीं समजून जपतो; नरसुद्धां मादीप्रमाणें तिची निगा राखतो! हा प्राणी खडकांस व होड्यांच्या बुडास चिकटणाऱ्या कवचधारी जीवांच्या कुळांतला आहे, असें टॉम्सन ह्यानें इ. स. १८३६ मध्यें दाखविलें. अशा खेकड्याला संतति होत नाहीं, आणि पिशवी आहे तोंवर तो बहुधा कातही टाकीत नाहीं. वरून पाहतां तो धडधाकट, कठीण, चालता-फिरता. पण त्याचें खाणेंपिणें दुसऱ्याच्या कामीं लागलेलें असतें.

दृष्टांत फार ताणूं नये. खेकडा कांहीं विचार करून कात टाकीत नाहीं. तथापि मऊपणा म्हणजे नाश आणि कठीणपणा म्हणजे जीवन, अशी जी आपली समजूत, ती ह्या लहान प्राण्यापुढें टिकत नाहीं. शिक्षकबंधूंनीं मुलांस ओढ्यावर न्यावें व पोकळ खेकडा सांपडल्यास त्याची पाठ मागून उचलून दाखवावी. ती झांकणासारखी उघडली, आंत मांस नसलें व दुर्गंधि आली नाहीं, तर ती कात समजावी. मात्र आसपासचे दगड उलथूं देऊं नयेत. तिचा धनी तेथेंच कोठें तरी मऊ होऊन बसला असेल. त्याला आणखी कांहीं दिवस द्यावे.

प्रश्न.— (१) खेकड्याचें कवच त्याच्याबरोबर कां वाढत नाहीं? (२) मेलेला खेकडा व कात ह्यांतील भेद कसा ओळखावा? (३) सॅक्युलिनानें ग्रासलेला खेकडा धडधाकट दिसत असतां त्याला सुखी कां म्हणतां येत नाहीं?