पडद्यावरचं शुभवर्तमान आणि सांगलीचा सूत्रधार

आजचे वाचन : योहान ८:१-११, लूक ८:१-३, २ करिंथ १२:७-९



आपल्या बऱ्याच घरांत सध्या ‘द चोझन’ ही मालिका मोबाईलवर पाहिली जाते. सांगलीच्या आमच्या घरगुती प्रार्थनेत एका काकूंनी सरळ विचारलं, “जे शास्त्रात नाही ते दाखवायचा ह्यांना अधिकार कोणी दिला?” अनुवाद ४:२ त्यांच्या मनात होतं. प्रश्न रास्त आहे, म्हणून आज त्यावर मनन करू.

शुभवर्तमान फार कमी शब्दांत लिहिलेलं आहे. योहान ८ मध्ये प्रभू वाकून बोटाने जमिनीवर लिहितो, पण काय लिहितो ते सांगितलेलं नाही. वाचताना आपण तिथे थांबू शकतो. कॅमेऱ्याला मात्र काहीतरी दाखवावंच लागतं, निदान कुठे पाहायचं ते तरी ठरवावं लागतं. १९२७ च्या ‘द किंग ऑफ किंग्ज’ ह्या मूकपटात सेसिल डिमिलने वाळूत आरोप करणाऱ्यांचीच पापं लिहिलेली दाखवली. माझ्या कामातही हे रोजचं आहे. क्लायंटच्या कागदात एखादी गोष्ट लिहिलेली नसली तरी प्रोग्राम तिथे काहीतरी करणारच. ते काय करायचं हे कोड लिहिणारा ठरवतो, आणि वापरणाऱ्याला वाटतं की मुळातच तसं सांगितलं होतं.

खरा धोका इथेच आहे. मग्दालीया मरीयेचं घ्या. लूक ८ एवढंच सांगतो की तिच्यातून सात भुतं निघाली होती, आणि ती इतर स्त्रियांबरोबर प्रभूच्या मागे चालत होती. ती वेश्या होती असं चारही शुभवर्तमानांत कुठेच नाही. इसवी सन ५९१ च्या सुमारास पोप ग्रेगरी पहिले ह्यांनी एका प्रवचनात तिला आणि लूक ७ मधल्या पापी स्त्रीला एकच मानलं. तेव्हापासून चित्रांनी, नाटकांनी, सिनेमांनी तेच गिरवलं. पुनरुत्थित प्रभूला पहिल्यांदा पाहणाऱ्या बाईच्या माथी चौदाशे वर्षं न केलेलं पाप मारलं गेलं. काकूंची भीती उगाच नाही.

पण म्हणून नाटकच नको म्हणायचं का? सांगलीत बसून तरी असं म्हणता येणार नाही! १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ इथेच, चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने उभं केलं. धर्मग्रंथातली कथा रंगभूमीवर आणण्याची ती रीत मला फार शहाणपणाची वाटते. सूत्रधार पदं गाऊन कथा सांगायचा आणि पात्रं आपली भाषणं आयत्या वेळी बोलायची. बांधलेली कथा कोणती आणि नटाने स्वतःची घातलेली भर कोणती, हे प्रेक्षकाला कानानेच कळायचं. आपल्या साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू करणाऱ्या रेव्हरंड टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ ओवीत लिहायला घेतलं, आणि १९१९ साली ते गेल्यावर लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेलं. तिथेही तसंच आहे. ओवी कानावर पडली की कळतं, कवी बोलतोय.

टीव्हीवर हा सूत्रधार राहिला नाही. लिहिलेलं आणि रचलेलं दोन्ही एकाच चेहऱ्याने, एकाच आवाजात येतं. ‘द चोझन’वाल्यांनी सुरुवातीलाच पाटी दाखवली की काही पात्रं, संवाद आणि मागच्या कथा आम्ही घातल्या आहेत, तुम्ही शुभवर्तमानं वाचा. तेवढं प्रामाणिकपण मला आवडलं. पण पाटी किती जण वाचतात?

आता त्यातलीच एक रचलेली गोष्ट. तिसऱ्या सीझनमध्ये प्रभू शिष्यांना रोग बरे करायला पाठवतो, तेव्हा धाकटा याकोब एकटा गाठून त्याला विचारतो की मी स्वतः लंगडतो, मला का नाही बरं केलंस? ही भूमिका करणारा जॉर्डन वॉकर रॉस स्वतः सेरेब्रल पाल्सी घेऊन जगतो. हा संवाद शास्त्रात नाही. मार्क १५:४० मध्ये एका याकोबाला ‘धाकटा’ म्हटलंय, लंगडा म्हटलेलं नाही. तरी मला तो खोटा वाटत नाही. पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली, आणि उत्तर मिळालं ते बरं होण्याचं नव्हतं, कृपेचं होतं. रचलेला प्रसंग त्या लिहिलेल्या वचनावर उभा आहे. मरीयेवरच्या आरोपाखाली असं एकही वचन नाही.

मिरजेच्या वॉर्डात महिनोन्‌महिने प्रार्थना करून तसाच घरी परतलेला माणूस आपल्या प्रत्येक मंडळीत आहे. रविवारी त्याच्यासमोर बरं झाल्याच्याच साक्षी होतात. याकोबाचा तो प्रश्न त्याच्या ओठांवर कधीचा आहे, फक्त उपासनेत विचारायची सोय नाही.

काकूंना मी एवढंच सुचवलं : भाग संपला की टीव्ही बंद करून तोच उतारा मोठ्याने वाचायचा, आणि पडद्यावर पाहिलेलं काय काय त्यात नाही ते मुलांना शोधायला लावायचं. मुलं ह्यात आपल्यापेक्षा तरबेज निघतात. सुरुवात मत्तय २ पासून करा. मागी लोक किती होते आणि ते गोठ्यात आले की घरात, हे आधी विचारा, मग वाचा.

उद्याचे वाचन : मत्तय २:१-१२