पात्याची पारख

फळी रेषेत चिरणे वेगळे आणि रेषेला आडवी कापणे वेगळे, हा सुतारकामातला जुना दंडक. परंतु प्लायवूडचा एक पापुद्रा उभा तर त्याखालचा आडवा असल्यामुळे टेबल सॉचे पाते ही दोन्ही कामे एकाच क्षणी करीत असते, आणि फळ्या चिरण्याचे 24 दातांचे पाते त्यावर चालविले, की दर्शनी पापुद्रा कडेने उचकटलाच म्हणून समजावे.

इतके ठाऊक असल्यामुळे, स्वयंपाकघराच्या कपाटांचे काम आले तेव्हा आम्ही बारीक दातांचे पाते मागितले, आणि ‘दात जितके जास्त तितका काप साफ’ अशी हमी देऊन दुकानदाराने 80 दातांचे 10 इंची पाते आमच्या गळ्यात मारले. आरंभीचे तक्ते बरे निघाले. पुढे मात्र सनमायकाच्या कडेवरून तांदळाच्या कणीएवढ्या कपच्या उडू लागल्या. पाते उतरवून उजेडात धरले, तो प्रत्येक दाताचा माथा आळीपाळीने डावीउजवीकडे उतरता घासलेला दिसला. असे अणकुचीदार टोक लाकडाचे तंतू सफाईने छेदते, म्हणून साध्या किंवा व्हिनियरच्या प्लायला तेच प्रशस्त. पण सनमायकासारख्या कठीण व ठिसूळ जिनसेवर ते लवकर बोथटते. तिच्यासाठी एक दात सपाट आणि एक दोन्ही कोपरे मारलेला, किंचित उंच, असे पाते मागावे: उंच दात मधोमध चर पाडतो आणि मागून येणारा सपाट दात त्या चराच्या कडा साफ करतो. एमडीएफ व पार्टिकल बोर्ड यांनाही तेच टिकते.

टेबल सॉचे दात चालविणाऱ्याच्या बाजूने वरून खाली उतरतात, त्यामुळे कपच्या तळाशी उडतात. सबब दर्शनी बाजू वर ठेवावी. हातात धरून चालवायच्या करवतीचा हिशेब नेमका उलटा. दोन्ही बाजूंना सनमायका असेल, तर मुख्य पात्यापुढे उलट फिरून तळाला आधीच चर पाडणारे छोटे पाते असलेले यंत्र उत्तम. ते नसल्यास, पाते ज्या फटीतून वर येते ती फट पात्याला लागूनच राहील अशी नवी पट्टी मेजात बसवून घ्यावी.

पात्यावर छापलेली फेऱ्यांची कमाल मर्यादा आपल्या यंत्राच्या वेगापेक्षा कमी नाही ना, हे तर पाहावेच. पण त्याहून दुर्लक्षित बाब पात्यामागच्या पाचरीची. ती पात्याच्या पत्र्याहून जाड आणि दातांनी पाडलेल्या चिरेहून बारीक असावी लागते. स्वस्त म्हणून बारीक चिरेचे पाते आणले, आणि तक्ता पाचरीवर अडू लागला, की पाचरच काढून ठेवण्याचा रिवाज कित्येक कारखान्यांत आहे. तेवढे मात्र कृपा करून करू नका. चीर मिटून तक्ता पात्याच्या मागच्या दातांना लागला, तर तो उसळून थेट चालविणाऱ्याच्या अंगावर येतो.