जोड बघूनच कोर्टावर उतरा

पुण्यातल्या सोसायट्यांत पिकलबॉल आता चांगलाच रुळला आहे. चाळिशी-पन्नाशीतली कितीतरी माणसं आयुष्यात पहिल्यांदाच हातात पॅडल धरताहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. म्हणूनच नव्याने खेळायला येणाऱ्या प्रत्येकाला कळकळीने सांगते: समोरचा कुठल्या लेव्हलचा आहे हे कळल्याशिवाय सामन्याला उभं राहू नका. ‘हौसेचा तर खेळ, कोणीही कोणाशीही खेळावं’ हे ऐकायला छान वाटतं. माझ्या मात्र ते डोळ्यावर बेतलं होतं.

एका हौशी स्पर्धेत मी आणि माझी मैत्रीण दुहेरीला उतरलो. फॉर्मवर नाव, वय आणि टी-शर्टचा साइज विचारला होता. खेळायला लागून किती दिवस झाले, लेव्हल कोणती, हे विचारलंच नव्हतं. नावं कमी आली तेव्हा आयोजकांनी नवशिके आणि इंटरमीजिएट असे दोन्ही गट एक करून टाकले आणि आम्हाला तसं कळवलंही नाही. समोर उभे राहिलेले गृहस्थ टेनिस खेळून तयार झालेले होते.

या खेळात नेटच्या दोन्ही बाजूंना सात-सात फुटांचा पट्टा असतो, त्याला किचन म्हणतात. त्यात उभं राहून चेंडू हवेतल्या हवेत मारता येत नाही, म्हणून दोन्हीकडचे खेळाडू किचनच्या रेषेला येऊन थांबतात. त्यांच्यात अंतर उरतं जेमतेम १४ फूट. माझा परतवलेला चेंडू उंच उठला. असा चेंडू उठला की पुढचा फटका आपल्याच अंगावर येणार हे सरावलेल्या खेळाडूला कळतं. तो पॅडल छातीपुढे धरतो, मागे सरतो, मान वळवतो. नवख्याच्या अंगात हे भिनलेलं नसतं. चेंडू डाव्या डोळ्याखालच्या हाडावर बसला. डोळा सुजून मिटला. डॉक्टरांनी थेंब घालून पडदा तपासला आणि तो शाबूत आहे म्हणाले, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. त्या गृहस्थांना मी बोल लावत नाही. गट एकच आहे असं सांगितल्यावर ते आपल्या ताकदीने खेळले. चूक होती ती जोड लावणाऱ्यांची.

जोड कशी लावतात हे मी लहानपणापासून बघत आले. माझं माहेर पळसदेव, इंदापूर तालुक्यातलं, उजनीच्या पाण्याकाठचं. आमचे अण्णा आसपासच्या यात्रांच्या फडात जोड लावायला बसायचे. सुरुवात रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्यांनी व्हायची, मग इनाम चढत जायचं. दोन पोरं समोर आली की अण्णा आधी मानेकडे आणि कानाकडे बघायचे. कान मोडलेला असला की पोरगं मातीत मुरलेलं आहे हे ओळखायचं. मग विचारणा: “पाव्हणं, पोरगं कुठल्या तालमीचं? मागली कुस्ती कुणाशी झाली?” वजन सारखं असलं तरी तालमीतला पठ्ठ्या आणि घरी जोर-बैठका मारणारा गडी यांची जोड ते लावायचे नाहीत. ठरलेल्या जोडीचे हात धरून फडात फिरवायचे, म्हणजे कुणाची हरकत असेल तर सलामी होण्याआधीच कळावी. “वस्ताद, जोड जड हुतीया,” असं कुणी म्हटलं तर त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. जोड मोडायची, दुसरी लागायची.

पिकलबॉलमध्ये हेच काम रेटिंग करतं. १९६५ साली अमेरिकेतल्या बेनब्रिज बेटावर हा खेळ जन्मला, मुंबईच्या सुनील वालावलकरांनी तो भारतात आणला. सध्या जगभर चालतं ते डीयूपीआर रेटिंग, म्हणजे ‘ड्युपर’. ते २ ते ८ या पट्टीवर मोजतात, आणि एकेरी-दुहेरीचे आकडे वेगळे असतात. तुम्ही कोणाशी खेळलात आणि किती गुण घेतलेत, यावरून आकडा हलतो. यामागचा विचार बुद्धिबळातून आला. अर्पाद इलो या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांनी मांडलेली पद्धत जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९७० मध्ये स्वीकारली. तिथे दोघांत २०० गुणांचं अंतर असेल तर वरचढ खेळाडूने शंभरातले साधारण पंचाहत्तर गुण मिळवावेत अशी अपेक्षा धरतात. आकडा शक्यता सांगतो, निकाल सांगत नाही. २०२५ च्या महिला विश्वचषकात नागपूरच्या दिव्या देशमुखने अंतिम फेरीत हरवलं ते रेटिंगने आपल्याहून वर असलेल्या कोनेरू हम्पीला.

आता नव्या खेळाडूंनी काय करावं ते सांगते.

स्वतःची लेव्हल अंदाजाने सांगू नका. अर्ध्या-अर्ध्या गुणाच्या पायऱ्या असतात: २.५, ३, ३.५. त्यांचा अर्थ खेळातून तपासा. सर्व्हिस बहुतेक वेळा आत पडते का? किचनपाशी हलकेच टाकलेला चेंडू तसाच हलका परत देता येतो का? जोरात आलेला फटका पॅडलवर झेलून खाली ठेवता येतो का? ही उत्तरं स्वतः न देता तुमचा खेळ पाहिलेल्या प्रशिक्षकाला देऊ द्या.

एकाच चौकडीत खेळून मिळालेल्या आकड्यावर भिस्त ठेवू नका. रोज त्याच चौघांत खेळलं तर आकडा त्या चौघांपुरताच खरा. वेगवेगळे जोडीदार आणि वेगवेगळे प्रतिस्पर्धी मिळाले, सामने नोंदले गेले, की तो भरवशाचा होतो.

स्पर्धेत नाव देण्याआधी आयोजकांना विचारा: गट कशावरून पाडलेत? नावं कमी आली तर गट एक करणार का? मुद्दाम कमी लेव्हल सांगून खालच्या गटातली बक्षिसं नेणाऱ्यांसाठी काय नियम आहे? आमच्याकडे कबड्डीच्या ६५ किलो गटात उतरायचं तर वजनकाट्यावर उभं राहावंच लागतं. कौशल्याला काटा नाही, म्हणून दोन चेंडू खेळून घेणं आणि मागचे सामने विचारणं एवढं तरी आयोजकांनी केलंच पाहिजे.

डोळ्यांना संरक्षक चष्मा लावा, कुठल्याही लेव्हलला. तो खास खेळासाठीचा असावा. नंबरचा साधा चष्मा फुटला तर आणखी इजा होते.

आणि जे तयार खेळाडू आहेत त्यांनाही एक विनंती. आकडा घसरेल या भीतीने नवख्यांना टाळू नका. आठवड्यातली एक वेळ त्यांच्यासाठी राखा, ते सामने नोंदवू नका, अंगावर फटका मारू नका, त्यांना चेंडू खाली ठेवायला शिकवा. तालमीतला जुना मल्ल पोरांना असाच अंगावर घेऊन तयार करतो. रेटिंगचा मोठेपणा मिरवायला लागलो की नवी माणसं, त्यातही बायका आणि ज्येष्ठ, कोर्टाकडे फिरकत नाहीत. त्या सामन्यानंतर माझ्या मैत्रिणीने पॅडल कपाटात ठेवलं ते अजून बाहेर काढलेलं नाही. माझ्या सुजलेल्या डोळ्यापेक्षा मला ते जास्त लागलं.

तेव्हा लेव्हल विचारायला लाजू नका, सांगायलाही लाजू नका. समोरची जोडी पेलणार नाही असं वाटलं तर पहिली सर्व्हिस पडायच्या आधीच मोठ्याने म्हणा, “ही जोड जड आहे, बदला.”