शेताची माहिती देताना: खर्च किती, खबरदारी काय

शेतकरी उत्पादक कंपनीत किंवा ठिबक, माती परीक्षणाच्या प्रकल्पात नाव घालायचं म्हटलं की टॅब घेऊन सर्वेक्षक बांधावर येतो. आधार, सातबारा, पासबुक, मोबाईल नंबर आणि शेवटी, "काका, ओटीपी आला का?"

पैशाचा हिशेब सोपा आहे. अ‍ॅग्रीस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक काढायला शेतकऱ्याला शुल्क नाही. ई-पीक पाहणी मोफत आहे. सातबारा महाभूलेखवर नुसता पाहायचा तर फुकट, डिजिटल सहीचा हवा तर १५ रुपये. कंपनीच्या भागभांडवलाची रक्कम वेगळी, तिची पावती घ्या. नुसत्या सर्वेक्षणासाठी 'फी' मागितली तर देऊ नका.

अनुदान आधार-संलग्न खात्यात यायचं असेल तर पूर्ण आधार क्रमांक लागू शकतो. प्रशिक्षणाच्या हजेरीला तो कशाला हवा? तिथे फक्त शेवटचे ४ अंक दिसणारं मास्क केलेलं आधार द्या. ते यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर मोफत मिळतं. ओटीपी कशासाठी आलाय ते संदेशातच लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय आकडा सांगू नका.

संमतीपत्र मराठीत मागा. माहिती कशासाठी, कोणाकडे जाणार, किती काळ राहणार, एवढं त्यात हवंच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती मागे घेण्याचा हक्क आहे, आणि माहिती नीट न सांभाळणाऱ्या संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. संस्थांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. तेवढं थांबायचं कारण नाही.

आता कंपनीच्या संचालकांसाठी. बियाणे वाटपाची यादी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकताना आधार आणि खाते क्रमांकाचे रकाने तसेच राहतात. हे फार गंभीर आहे, कारण एकदा पुढे गेलेली यादी परत घेता येत नाही. ग्रुपवर नाव आणि पिशव्यांची संख्या पुरे. मूळ फाइलला पासवर्ड लावायला एक रुपयाही लागत नाही.

खरी फसगत पुढे आहे. निविष्ठा कंपनीला किंवा विद्यापीठाला माहिती देताना नावं काढली की झालं, असं अनेकांना वाटतं. पण गट नंबर राहिला, तर महाभूलेखवर तो टाकताच खातेदार कळतो. गावात ड्रॅगनफ्रूट एकाच्याच शेतात असेल, तर गट नंबरही लागत नाही. म्हणून बाहेर द्यायची ती गाव किंवा तालुकानिहाय बेरीज द्या, आणि शेतकरी मोजकेच असतील तिथे गाव सोडून तालुक्याचाच आकडा द्या. हे काम करणाऱ्या माणसाचे दिवस प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातच धरा. मागाहून त्यासाठी पैसा निघत नाही. प्रकल्प संपल्यावर माहिती कोण पुसणार, त्याचं नावही करारात लिहून घ्या.

सरकारी प्रकल्पाने अशी माहिती कोणाला, कोणत्या करारावर दिली, हे माहिती अधिकारात विचारता येतं. अर्जाला १० रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाहीत.